दार्ष्टांतिक उशिरा लिहिलं जातं

आमच्या अमळनेरला तत्त्वज्ञानाचं मंदिर आहे, असं लहानपणी बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितलं की ते हमखास विचारायचे, "देव कोणता?" देव नाही, पुस्तकं आहेत, असं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मग ते बोरी नदीकाठी सखाराम महाराजांच्या वाडीकडे वळायचे. तिथे निदान हात जोडायची सोय होती.

हे मंदिर म्हणजे प्रताप तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी ते १९१६ साली उभं केलं. खानदेशातल्या कापसाच्या पैशावर वेदान्ताचा अभ्यास सुरू झाला. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे काही काळ संचालक होते. जी. आर. मलकानी यांनी 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे नियतकालिक इथून चालवलं. साने गुरुजीसुद्धा पहिल्यांदा अमळनेरला आले ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. प्रताप हायस्कुलातले शिक्षक ते नंतर झाले. मला यातलं काही कळायचं वय नव्हतं. मनात एवढंच बसलं, की नुसता विचार करणं हाही मोठ्या माणसांचा दिवसभराचा उद्योग असू शकतो, आणि तो गिरणीचा भोंगा, सोमवारचा बाजार आणि वैशाखातली यात्रा यांना खेटून चालू शकतो.

माझं वाचन मात्र त्या मंदिरात नाही, गावातल्या वाचनालयात सुरू झालं. तिथे एका कार्डावर एकच पुस्तक मिळे. मी घरात हट्ट करून आजीच्या नावानंही कार्ड काढून घेतलं. आजीला अक्षरओळख जेमतेम, तेव्हा तिचं पुस्तकही मीच निवडायची. माझ्या कार्डावर कादंबरी आणि आजीच्या कार्डावर 'धर्म व तत्त्वज्ञान' असं लिहिलेल्या कपाटातलं काहीतरी, अशी वाटणी झाली. त्यामागे काही थोर हेतू नव्हता. आजीच्या वयाच्या बाईनं कादंबरी नेली तर ग्रंथपाल काका भुवया उंचावतील, एवढीच भीती. पण त्या भीतीनं मला जन्माची सवय लावली. उशाशी दोन पुस्तकं असायची. एकात माणसं असत, दुसऱ्यात माणसांविषयीची विधानं. एकाचा कंटाळा आला की दुसरं उघडायचं. आजही मला नुसती कादंबरी वाचताना हात रिकामा वाटतो, आणि नुसतं तत्त्वज्ञान वाचताना घरात कुणी नसल्यासारखं वाटतं.

ही दोन कपाटं खरं तर एकाच भिंतीला लागून आहेत, हे मला पुढे बी.ए.ला कळलं. मराठीच्या अभ्यासक्रमात केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' होता. परीक्षेपुरतं वाचून विसरायचं पुस्तक, असाच वर्गाचा भाव. मला त्या पुस्तकाच्या रचनेनं धरून ठेवलं. आधी चक्रधरस्वामींचं सूत्र: आखूड, कोरडं, कधी अर्धंमुर्धं वाटणारं वाक्य. मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत: जन्मांध माणसं हत्तीला चाचपतात आणि ज्याच्या हाताला जे लागलं त्याला हत्ती समजतात, तशी एखादी छोटी गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक: ही गोष्ट त्या सूत्राला नेमकी कुठे आणि कशी लागू पडते ते. असे ११४ दृष्टांत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे मराठी गद्य, आणि त्यात विचार व गोष्ट यांच्यात भिंत नाही. विचार गोष्टीपर्यंत चालत येतो, गोष्ट पुन्हा विचारापर्यंत जाते.

तेव्हापासून मी सगळं वाचन याच तीन खणांत लावत आले आहे. तत्त्वज्ञान म्हणजे सूत्र. साहित्य म्हणजे दृष्टांत. दार्ष्टांतिक कुणाचं, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं माझ्याकडे तसाच पडून होता.

दृष्टांताची गरज केवळ साध्याभोळ्या श्रोत्यांना असते, असा एक समज आहे. न्यायदर्शन वाचताना तो गळून पडला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे, हे नैयायिकांचं ठरलेलं अनुमान. ग्रीकांकडून आलेल्या तर्कशास्त्रात अनुमानाला तीन पायऱ्या पुरतात. गौतमाच्या न्यायात दुसऱ्याला पटवून द्यायचं तर पाच लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यातलं उदाहरण कुठलं, तर स्वयंपाकघर. तिथे धूर आहे आणि चूलही आहे, हे प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे तर्काची इतकी काटेकोर मांडणी करणारी माणसंसुद्धा स्वयंपाकघरातून गेल्याशिवाय डोंगरापर्यंत पोचत नाहीत. मग येतो उपनय: तसाच धूर या डोंगरावरही आहे. पाहिलेलं स्वयंपाकघर समोरच्या डोंगराला लावणं. ही चौथी पायरी मला सगळ्यांत अवघड वाटते, कारण ती पुस्तक चढत नाही. ती ऐकणाऱ्याला चढावी लागते.

ती चढता न आलेल्या माणसाची गोष्ट टॉलस्टॉयनं लिहून ठेवली आहे. 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही त्याची लांब कथा १८८६ची. इव्हान इलिच न्यायखात्यातला वरचा अधिकारी. नीटनेटकं घर, पत्त्यांचा डाव, बढतीची चिंता. दुखणं वाढत जातं आणि आपण मरणार हे त्याला दिसू लागतं. तेव्हा त्याला शाळकरी वयात किझेवेटरच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात शिकलेलं अनुमान आठवतं: केयस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून केयस मर्त्य आहे. हा किझेवेटर कांटचा शिष्य, आणि अनुमान अगदी बिनचूक. इव्हान इलिचची त्याला कधीच हरकत नव्हती. पण केयस म्हणजे कुठलाही एक माणूस. तो स्वतः कुठलाही एक माणूस नव्हता. तो आईचा वान्या होता, त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कातडी चेंडूला एक वास होता, आईचा हात ओठांना लावताना तिच्या रेशमी कपड्यांची सळसळ ऐकू यायची. केयसकडे हे काही होतं का?

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वीस-बावीस वर्षांची असेन. मला तेव्हा ही तर्कशास्त्राची खिल्ली वाटली, आणि मनातून बरंही वाटलं. खूप वर्षांनी, वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून पुन्हा वाचलं. अनुमान जागच्या जागी होतं. तर्कशास्त्र खोटं ठरलेलं नव्हतं, फक्त त्यात चेंडूचा वास मावत नव्हता, आणि तो वास आल्याशिवाय कुणालाही ते अनुमान स्वतःला लावता येत नव्हतं. टॉलस्टॉयनं किझेवेटरला खोडलेलं नाही. त्याच्या तीन पायऱ्यांत राहून गेलेली पायरी भरून काढण्यासाठी त्यानं अख्खी कथा खर्च केली आहे.

स्पिनोझा मला आवडतो, पण त्याच्याजवळ बसायला धीर लागतो. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅममधल्या त्याच्या ज्यू समाजानं त्याला बहिष्कृत केलं. पुढे तो भिंगं घासून पोट भरत राहिला. त्याचं 'एथिक्स' १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. व्याख्या, स्वयंसिद्ध तत्त्वं, सिद्धान्त, सिद्धता: भूमितीच्या पुस्तकासारखी मांडणी. राग, हेवा, प्रेम, पस्तावा यांच्याविषयी इतक्या थंडपणे क्वचितच कुणी लिहिलं असेल. सूत्रामागून सूत्र, दृष्टांताला जागाच नाही. वाचताना मला सारखं वाटायचं, याच्या कडेला कुणीतरी गोष्टी लिहायला हव्या होत्या.

त्या लिहिल्या गेल्या आहेत, हे कळलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे. 'एथिक्स'चा इंग्रजी अनुवाद एका बाईनं १८५६ साली पुरा केला होता. प्रकाशकाशी बोलणं फिसकटलं आणि तो सव्वाशे वर्षं हस्तलिखितात राहिला. छापून आला १९८१ मध्ये. ही बाई म्हणजे मेरी ॲन इव्हान्स. अनुवाद हातावेगळा झाल्यावर तिनं कथा लिहायला घेतली आणि जॉर्ज इलियट हे नाव धारण केलं. स्पिनोझाचं एकेक वाक्य तोलून दुसऱ्या भाषेत नेलेला तो हात पुढे 'मिडलमार्च' लिहितो. त्या कादंबरीत विद्वान म्हणून ज्याला वरलं, तो नवरा आतून किती भित्रा आणि वाळलेला आहे हे डोरोथियाला उमगत जातं, आणि तिचा भ्रमनिरास हळूहळू करुणेकडे वळतो. समजून घेतल्यानं भावनेची पकड सैल होते, हे स्पिनोझाचं म्हणणं. त्याला एका ओळीत मांडता आलं ते डोरोथियाला घडायला कित्येक प्रकरणं लागतात, कारण सूत्र क्षणात सांगता येतं आणि माणूस बदलायला वेळ लागतो. कादंबऱ्या जाडजूड असतात त्या काही फुकट नव्हे.

आपल्याकडचा हिशेब याहून जुना आहे. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. हा फुगवटा कशाचा? बराचसा दृष्टांतांचा. एक उपमा देऊन ज्ञानेश्वरांचं समाधान होत नाही. दिवा झाला की सूर्य, सूर्य झाला की आरसा, आरसा झाला की लेकरू आणि माय. शाळेत हे अलंकार म्हणून शिकवतात. मला ती श्रोत्यांविषयीची कळकळ वाटते. समोर बसलेल्यांत प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं आहे, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीचा धूर निघेपर्यंत सांगत राहायचं. पुढे विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर कैदी, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. त्याआधी टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं होतं, तेही पेन्सिलीनं. 'गीतारहस्य' मी वहीत टिपणं काढत वाचलं. त्याच्यापुढे ताठ बसावं लागतं. 'गीता प्रवचने' मात्र मी भाजी निवडतानाही वाचली आहेत. एकाच गीतेची ही दोन पुस्तकं, दोन्ही गजांआडची. पहिलं एकट्यानं कागदावर लिहिलेलं, दुसरं माणसांसमोर बोललेलं. माणसं समोर असली की दृष्टांत आपोआप येतात.

आणि बहिणाबाई चौधरी? आमच्या खानदेशातल्या, आसोद्याच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं शेतात आणि जात्यावर जे रचलं ते कुणीकुणी टिपून ठेवलं. तिच्या निधनानंतर, १९५२ साली, तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते पुस्तकरूपात आणलं. मन, दैव, संसार, मरण हे विषय तत्त्वज्ञानाच्या कपाटातले; पण तिच्याकडे ते बैल, सुगरणीचा खोपा, चूल आणि जातं घेऊनच येतात. तिनं दृष्टांत आधी पाहिले आणि सूत्रं त्यांतून निघाली. आमच्या गावातल्या तत्त्वज्ञान मंदिरात मायेवर खल चालला असेल तेव्हा पन्नासेक किलोमीटरवर एक बाई त्याच प्रश्नांवर जातं ओढत होती. या दोन अभ्यासांची एकमेकांशी ओळख झाली असती तर काय झालं असतं, हे मनात घोळवायला मला अजून आवडतं.

एक सावधपणा इथे ठेवायला हवा. साहित्याला दृष्टांत म्हटलं की लगेच कुणीतरी तात्पर्य शोधायला लागतं. इसापच्या गोष्टीखाली छापलेलं तात्पर्य हे माझं बालपणापासूनचं वैर. कोल्ह्याची गंमत संपली रे संपली की मास्तर आत येत. खरा दृष्टांत सूत्रापुरता कधीच नसतो, तो त्याच्या बाहेर सांडतो. जन्मांधांच्या हत्तीची गोष्ट ज्ञानाच्या अपुरेपणाबद्दल असेल, पण मला त्यात त्या माणसांचा ठामपणा दिसतो, एकमेकांशी भांडण्यातला जिव्हाळाही दिसतो, आणि हत्तीनं हे सगळं निमूट कसं चालू दिलं याचंही नवल वाटतं. जी. ए. कुलकर्णी यांचं 'रमलखुणा' वाचताना तर उलटीच गत होते. दृष्टांत समोर उभा असतो, भव्य आणि नक्षीदार, आणि त्याचं सूत्र कुठेतरी हरवलेलं असतं. वाचक म्हणून आपण ते शोधत हिंडतो. सापडलं असं वाटतं तोवर गोष्ट पुढे निघून गेलेली असते. अशा वाटेवर तत्त्वज्ञानाचं वाचन कामी येतं, पण उत्तरासाठी नव्हे. प्रश्न कुठल्या कुळीचा आहे एवढं ओळखू येतं, आणि तेवढ्यानंही पाय जमिनीला लागतात.

उलट वाटेनं जाणारेही आहेत. विंदा करंदीकरांनी देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहाउअर, नित्शे, बर्गसाँ आणि आपला चार्वाक अशा आठ जणांची दर्शनं 'अष्टदर्शने'मध्ये मराठी पद्यात बांधली. २००३ साली हे पुस्तक आलं आणि त्याच सालचं ज्ञानपीठही विंदांना मिळालं. कांट मराठी छंदाच्या तालावर चालू लागतो तेव्हा आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की जड म्हणून लांब ठेवलेला माणूस आपल्या अंगणात येऊन बसला आहे.

दार्ष्टांतिक कुणाचं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला तो आयरिस मर्डॉक वाचताना. ही ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवायची आणि कादंबऱ्या लिहायची, म्हणजे माझी दोन्ही कार्डं हिच्या एकटीकडे. तिचं 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' हे छोटं पुस्तक १९७०चं. त्यात नीतिशास्त्राच्या ऐन चर्चेत ती एक सासू आणि एक सून आणते. मी तर उठूनच बसले. सासूला सून आवडत नाही. मुलगी मनानं चांगली, पण उथळ, अघळपघळ, आपल्या मुलाला न शोभणारी. सासू मात्र रीतभात सांभाळणारी. वागण्यात ती काही दिसू देत नाही. काळ जातो. सासू स्वतःलाच विचारते: मी जुन्या वळणाची तर नाही? मला मत्सर तर नाही ना वाटत? पुन्हा नीट पाहू या. आणि पाहता पाहता तिला सून वेगळी दिसू लागते, उथळ नव्हे तर मोकळी, अघळपघळ नव्हे तर सहज. बाहेरून काहीच बदललेलं नाही. मर्डॉक म्हणते, सून परदेशी गेली किंवा वारली असं समजा, म्हणजे वागण्याचा प्रश्नच मिटला. तरीही काही घडलं की नाही? तिच्या मते घडलं. प्रेमानं आणि न्यायानं पुन्हा पाहणं, हीच कृती.

माझ्या सासूबाई धुळ्याजवळच्या खेड्यातल्या, अहिराणी बोलणाऱ्या, कामाला वाघ. सुनेनं पुस्तक घेऊन बसणं त्यांना पसंत नव्हतं. "काय वाची ऱ्हायनी वं? डोया फुटतीन तुना," हे मी त्यांच्या घरात अखेरपर्यंत ऐकलं. तोच सूर, तीच कुरबुर. त्या गेल्यावर काही वर्षांनी मर्डॉकची ती पानं वाचली आणि एक गोष्ट मला पहिल्यांदाच दिसली. आमच्याकडे संध्याकाळी दिवे जायचे. घरात कंदील एकच. सुरुवातीची वर्षं तो चुलीपाशी असायचा. पुढे कधीतरी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊ लागला, काच पुसलेला. डोळे फुटतील ही तक्रार चालूच होती. कंदील कोण ठेवतं हे मी कधी विचारलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच असायचो, तेव्हा विचारण्यासारखं काही नव्हतंही. त्यांनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं होतं आणि त्याची वाच्यता न करता त्या आपल्या कुरबुरीत राहिल्या होत्या. मर्डॉकची इंग्रज सासू वागण्यात चोख होती आणि तिचं मन बदललं. माझी सासू बोलण्यात तशीच फटकळ राहिली आणि उजेडाची जागा बदलली. पुस्तकातली सासू आली नसती तर घरातली मला दिसली नसती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

लोक विचारतात, इतकी वर्षं वाचून उपयोग काय झाला. शब्द विचारण्यापुरता असतो. त्यांना म्हणायचं असतं, की तू आमच्याहून शहाणी झालेली तर दिसत नाहीस. ते खरंच आहे. स्पिनोझा वाचूनही मला राग येतो. नैयायिक वाचूनही घरच्या वादात मी हेतूआधी निगमनावर उडी मारते. वाचनानं स्वभाव बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाही. मात्र आयुष्यात जे घडून जातं ते वाचनाशिवाय नुसतंच घडून गेलं असतं. वडिलांचं दुखणं हे दुखणंच राहिलं असतं आणि कंदील हा कंदीलच.

केसोबासांच्या पुस्तकातही सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचं. तेही स्वामी निघून गेल्यानंतरचं. स्वामी बोलत होते तेव्हा ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतलं. कुठली गोष्ट कशाला लागू पडते हे लिहायची वेळ आली तेव्हा सांगणारा जवळ नव्हता. मला यात वाचणाऱ्या प्रत्येकाचं प्राक्तन दिसतं. दार्ष्टांतिक आपलं आपल्यालाच लिहायचं असतं आणि ते बहुधा उशिराच लिहिलं जातं, ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवता येणार नाही इतक्या उशिरा. या उशिरावर इलाज नाही. एवढं मात्र आपल्या हातात आहे, की ती वेळ येईल तेव्हा सूत्र आणि दृष्टांत आधीपासून घरात असावेत. म्हणून नातवंडांनी कठीण पुस्तक आणून "आजी, यातलं काहीच कळत नाही" म्हटलं, की मी त्यांना ते परत करायला सांगत नाही. कळायची घाई नाही, वाचून ठेवा, असं म्हणते. त्यातलं कोणतं पान कुणासाठी लागणार आहे, हे आज त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही.